मुलांना जग दाखवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या खोलीत चिवड्याच्या बशा भरीत असते. यंदा कार्यकारिणीने सांगितले की शनिवारच्या बालवर्गाविषयी तुम्ही चार शब्द बोला. मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. देशोदेशीच्या गोष्टींवर मी काय भाषण करणार? त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षे मुलांना कोण शिकवते आहे?" मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज उभी आहे. तोंडपाठ बोलता यायचे नाही, म्हणून लिहून आणले आहे. तेच वाचते.

हा वर्ग कसा निघाला हे सांगितल्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. ते सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते.

२०१३ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या वसाहतीचा रखवालदार नेपाळचा होता. फाटकाशेजारच्या एका खोलीत तो, त्याची बायको आणि आठ वर्षांचा मुलगा असे राहत. तो मुलगा आमच्या धाकट्याच्या वर्गात. एके दिवशी दुपारी पावसाने झोडपून काढले आणि दोघे चिंब होऊन आमच्या दारात आले. मी दोघांना पंचा दिला, तव्यावर थालीपीठ टाकले. पहिले थालीपीठ वाढणार तोच आमचा धाकटा म्हणाला, "आई, त्याला वेगळ्या ताटलीत दे. ते लोक काहीही खातात."

त्या मुलाने हातातला पंचा घडी करून पाटावर ठेवला आणि तो पावसातून घरी निघून गेला.

मी धाकट्याला मारायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. कारण ते वाक्य त्याचे नव्हते. आठच दिवसांपूर्वी भाजी निवडताना खिडकीतून शेजारच्या बाईंशी बोलताना मी ते म्हटले होते, अगदी त्याच शब्दांत. मूल जवळच गृहपाठ करीत बसले होते. गृहपाठात काय लिहिले ते त्याच्या लक्षात राहिले नसेल, पण माझे वाक्य राहिले.

रात्री त्याने विचारले, "आई, नेपाळ कुठे आहे ग?" मी म्हटले, "तिकडे, हिमालयाकडे." तो म्हणाला, "दाखव ना." थोरलीचा नकाशासंग्रह काढला. माझे बोट काश्मीरवरून निघाले, तिबेटात गेले, आसामात उतरले, आणि नेपाळ काही सापडेना. शेवटी थोरलीने येऊन दाखवला. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या लोकांविषयी मी इतक्या ठामपणे बोलले, त्यांचा देश मला बोटाने दाखवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. तीन वर्षांत तो उंबरा मी पहिल्यांदा ओलांडला. माफी मागितली असे मला म्हणवत नाही, कारण तेवढा धीर झाला नाही. मुलाला दोन वह्या द्यायच्या आहेत असे निमित्त केले. त्याच्या आईने स्टोव्ह पेटवून चहा केला. मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही दोघी बोललो. मग येणेजाणे सुरू झाले, आणि नवरात्रात एक दिवस त्यांच्या कोपऱ्यात मला काय दिसले, तर घट! आपल्यासारखीच माती, आपल्यासारखेच रुजत घातलेले धान्य. त्यांच्याकडे जव पेरतात आणि कोंब पिवळे यावेत म्हणून ऊन लागू देत नाहीत. त्या कोंबांना ते जमरा म्हणतात. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, घरातले वडील माणूस तांदूळ, दही आणि कुंकू कालवून लहानांच्या कपाळी भला मोठा टिळा लावते आणि जमरा त्यांच्या कानामागे खोवते. माझ्या माहेरी दसऱ्याला वडील टोपीत घटाचे कोंब खोवीत. मी ते तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "दिदी, एकच आहे."

मी तिला मंडळाच्या खोलीत यायची विनंती केली, आणि वसाहतीतली सात मुले गोळा केली. तो आपला पहिला शनिवार.

तिने पाटीवर नेपाळीत चार ओळी लिहिल्या, आणि आमच्या मुलांनी त्या धडाधड वाचून दाखवल्या! नेपाळी भाषा आपल्याच देवनागरी लिपीत लिहितात हे मुलांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. घर म्हणजे घरच. आईला आमा, थोरल्या बहिणीला दिदी. मग तिने त्यांच्या दिवाळीची, म्हणजे तिहारची, हकिकत सांगितली. पाच दिवस. पहिला दिवस कावळ्याचा. दुसरा कुत्र्याचा, त्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला गोडधोड खायला घालतात. तिसरा गाईचा आणि लक्ष्मीचा, चौथा बैलाचा आणि गोवर्धनाचा, पाचवा भावाचा. आमची मुले कुत्र्याच्या दिवसावर इतकी खूश झाली की त्या दिवाळीत वसाहतीतल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात माळा होत्या.

त्या मुलाने मोठ्या ऐटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, आमचा झेंडा चौकोनी नाही. दोन त्रिकोण एकावर एक ठेवल्यासारखा आहे. दुसरी, आमचे घड्याळ तुमच्या घड्याळापुढे पाव तास असते. पाव तासच का, हे मला सांगता येईना. आमच्या घरच्यांनी ते उलगडून दिले. पृथ्वीचे वाटोळे तीनशे साठ अंशांचे. ते चोवीस तासांत एकदा फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आपली वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून धरतात, आणि नेपाळची सव्वाशहाऐंशी अंशांवरून. फरक पावणेचार अंशांचा. त्याला चाराने गुणा, पंधरा मिनिटे झाली. माझा गणिताशी संबंध वाण्याच्या हिशेबापुरता, पण हे गणित मी कधी विसरणार नाही.

आणखी एका गोष्टीवर मुले फार हसली. नेपाळात तेव्हा आठवड्याची सुटी शनिवारी असे, आणि रविवारी मुले दप्तर घेऊन शाळेत जात. ही शनिवारची गोष्ट आपण लक्षात ठेवा. पुढे मी तिच्याकडे परत येणार आहे.

पहिला वर्ग चांगला झाला म्हणून मला हुरूप आला, आणि लगेच माझ्या हातून चूक झाली. पुढच्या शनिवारी मी पुस्तकातली चित्रे दाखवून जपानचे लोक किमोनो घालतात, एस्किमो बर्फाच्या घरात राहतात, आफ्रिकेतले लोक जंगलात राहतात असे झरझर सांगत सुटले. एका सात वर्षांच्या मुलीने हात वर केला आणि विचारले, "काकू, मग त्यांच्या शाळेत आपण हत्तीवर बसून येतो असे शिकवतात का?"

भगिनींनो, त्या पोरीने मला शिकवले ते कोणी शिकवले नव्हते. आपल्याकडे हत्ती आहेत हे खरे, पण आपण बसने जातो. तसे त्यांचेही असणार. घरी जाऊन मी थोरलीला ग्रंथालयातून पुस्तके आणायला लावली आणि एकेक गोष्ट तपासली. उत्तर ध्रुवाकडचे ते लोक कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये आपल्याला इन्युइट म्हणवतात. ते तुमच्याआमच्यासारख्या घरांत राहतात. बर्फाचे घर हा बहुतेक ठिकाणी शिकारीला बाहेर पडल्यावर वाटेत रात्र काढायचा आसरा असे. जपानी बायका किमोनो नेसतात तो लग्नकार्याला नि सणाला, जशी आपण पैठणी नेसतो. आणि आफ्रिका हा एक देशच नव्हे. तिथे चोपन्न देश आहेत. कैरो, लागोस, नैरोबी ही मोठमोठी शहरे आहेत आणि केनियातले डोंगर आपल्या मुन्नारसारखे चहाच्या मळ्यांनी भरलेले आहेत. पुढच्या शनिवारी मी मुलांपुढे सरळ सांगितले, "मागच्या खेपेस काकूंनी चुकीचे सांगितले." मुलांना त्याचे काही वाटले नाही. मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली त्यांना फार आवडते.

तेव्हापासून मी एक नेम केला. कोणताही देश घ्यायचा तो आपल्या घरातून निघून. मला जगातले फारसे कळत नाही, पण स्वयंपाकघर कळते. आणि एक एकादशी आली तेव्हा मला उमगले की जग तिथेच डब्यांतून भरून ठेवलेले आहे.

साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा आपल्याकडे तमिळनाडूत सेलमच्या बाजूला होतो, पण ज्या कंदाचा तो करतात तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या अँडीज पर्वताचा, तिथले लोक हजारो वर्षे तो लावीत आले. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोचला आणि वास्को द गामा १४९८ साली कालिकतला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही सारी मंडळी आपल्याकडे उतरली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज. काजू, अननस, पाव, चावी, पगार हे शब्दही त्यांच्याचकडून आले. ज्ञानेश्वरांच्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती. तिखटाला मिरे, सुंठ, पिंपळी घालीत. आणि राजगिरा? तोही मेक्सिकोत फार जुना. तिथे फुललेला राजगिरा मधात घालून वड्या थापतात, अगदी आपल्यासारख्या. त्या वडीला ते 'अलेग्रिया' म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आनंद.

हे सगळे मी घरी सांगितले तेव्हा सासूबाई हातातला घास तसाच धरून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे माझा उपास मोडतच होता की काय?" मी म्हटले, "नाही हो. तूप आपलेच आहे." मग त्या स्वतःच म्हणाल्या, "आणि देवाला ठाऊकच असेल की बटाटा कुठला ते. त्यानेच केला ना?" यावर मला भर घालण्यासारखे काही नाही.

आपल्याकडूनही पुष्कळ गेले, हेही मुलांना सांगते. मिऱ्यांसाठी तर सारे युरोप जहाजे घेऊन निघाले. आपला आंबा पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलला गेला. शून्य धरून आकडे मांडायची रीत इथून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपात गेली. चहा चीनचा. चीनमध्येच काही भागात त्याला 'चा' म्हणतात आणि समुद्रकाठच्या फूच्येन प्रांतात 'ते'. ज्यांना तो 'चा'वाल्यांकडून मिळाला ते चहा, चाय म्हणू लागले. ज्यांना 'ते'वाल्यांकडून मिळाला ते टी म्हणू लागले. मुले आता कपाला हात लावताना विचारतात, "काकू, हा कुठल्या वाटेने आला?" घेणे आणि देणे दोन्ही सांगावे. नुसते घेणे सांगितले तर मुलाला कमीपणा वाटतो, नुसते देणे सांगितले तर ताठा येतो.

मुली थोड्या मोठ्या झाल्या की त्यांना मी एक छायाचित्र दाखवते. ते १८८५ सालचे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन विद्यार्थिनी एकीशेजारी एक बसल्या आहेत. एक आपल्या आनंदीबाई जोशी, लुगडे नेसलेल्या. दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, किमोनोत. तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबूली, आपल्या देशाच्या पोशाखात. तीन धर्म, तीन भाषा, आणि तिघींचा अभ्यास एकच. मी मुलींना विचारते, सकाळी एकमेकींना भेटल्यावर या तिघी काय बोलत असतील? कोणी म्हणते परीक्षेविषयी, कोणी म्हणते थंडीविषयी. एक मुलगी म्हणाली, "आईची आठवण येते का, असे विचारत असतील." वर्गात सगळी चिडीचूप झाली.

मग आनंदीबाईंच्या कार्पेंटर मावशींची गोष्ट सांगते. न्यू जर्सी राज्यातल्या या बाई. १८८० साली दातांच्या डॉक्टरांकडे वाट पाहत बसल्या असता तिथल्या एका मासिकात हिंदुस्थानातल्या एका मुलीच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. ओळख ना पाळख, त्यांनी पत्र घातले. १८८३ साली आनंदीबाई आगबोटीने न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा उतरून घ्यायला याच बाई आल्या होत्या, आणि त्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात गेल्या. बावीस वर्षांचे वयही पुरते झाले नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या, आणि कार्पेंटर बाईंनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत, पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, ठेवल्या. आजही तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. परक्या मुलीला आपल्या घराण्याच्या जागेत जागा देणारी बाई कुठल्या देशाची, असे विचारले तर मुले अमेरिकेची म्हणत नाहीत, मावशी म्हणतात.

तसेच आपली माणसे कुठे कुठे गेली तेही सांगावे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला मुंबई बंदरातून आपली मराठी माणसे गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि त्या दिवशी देशाला सुटी असते. कोकणातले बेने इस्राएली तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांतले पुष्कळसे इस्राएलात जाऊन राहिले, आणि तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मराठी बोलणारा म्हणजे आपल्यासारखाच दिसणारा नि आपल्याच देवाला जाणारा, ही मुलांची समजूत तिथे गळून पडते.

आता त्या शनिवारकडे येते.

२०१५ च्या एप्रिलात रखवालदाराची बायको मुलाला घेऊन गावी गेली. चौदा एप्रिलला त्यांचे नवे वर्ष लागणार होते, दोन हजार बहात्तरावे, आणि मुलाच्या आजीला भेटून दोन वर्षे झाली होती. गाव गोरखा जिल्ह्यात. निघताना मुलाने वर्गातल्या नकाशावर पेन्सिलीने एक टिंब काढले आणि म्हणाला, "मी इथे असेन."

पंचवीस एप्रिलला शनिवार होता. दुपारी चार वाजता मुले वर्गाला आली ती बातमी घेऊनच. नेपाळात मोठा भूकंप झाला होता, आणि त्याचे मूळ गोरखा जिल्ह्यातच होते. कोणी जागेवर बसेना. सगळी नकाशापुढे उभी, आणि ते पेन्सिलीचे टिंब. आमचा धाकटा मला म्हणाला, "आई, तिकडे दुपारचे बारा वाजायला चार मिनिटे होती. तो जेवत असेल का ग?" दोन वर्षांपूर्वी ज्याला वेगळी ताटली दे म्हणाला होता, त्याच्या जेवणाची काळजी त्याला लागली होती.

फाटकावर त्याचे वडील फोन कानाला लावून उभे होते. फोन लागत नव्हता. दोन दिवस आणि दोन रात्री तो माणूस खाली बसला नाही. आपण बायका आळीपाळीने डबा नेत होतो, तो तसाच परत येई. तिसऱ्या दिवशी फोन लागला. घर पडले होते. मुलगा आणि त्याची आई शेताच्या बांधावर होती, म्हणून वाचली. आजी आत होती. ती गेली.

त्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि पाच लाखांवर घरे पडली. हजारो शाळांच्या इमारती कोसळल्या. पण तो शनिवार होता. शाळा रिकाम्या होत्या. ज्या सुटीला आमची मुले पोट धरून हसली होती, त्या सुटीने किती लेकरे वाचवली, हे वर्गातल्या एका मुलानेच सर्वांच्या लक्षात आणून दिले. त्यानंतर कुठल्याही देशाच्या चालीरीतीला आमच्या वर्गात कोणी हसले नाही.

मुलांनी खाऊचे पैसे आणून दिले, आपल्या मंडळाने डबा फिरवला, आणि अकरा हजार चारशे रुपये जमले. ते घेऊन त्याचे वडील गावी गेले ते घर बांधायला तिथेच राहिले. पुढे काही महिन्यांनी त्या माउलीचा मला फोन आला. तेव्हा मात्र मी धीर करून तिला सांगितले, की बाई, मी तुमच्याविषयी असे असे बोलले होते, आणि माझ्या मुलाने तेच तुझ्या मुलाला ऐकवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दिदी, ठाऊक आहे. त्याने त्याच दिवशी रडत येऊन सांगितले होते."

म्हणजे दुसऱ्या दिवशी मी वह्या घेऊन गेले तेव्हा तिला सारे ठाऊक होते, आणि तरी तिने माझ्यासाठी स्टोव्ह पेटवून चहा केला होता. देशोदेशीच्या लोकांविषयी मी पुष्कळ वाचले, पण त्या एका कप चहाइतके मला कशाने शिकवले नाही.

वेळ होत आली. ज्या भगिनींना आपल्या घरी मुलांना असे काही शिकवायचे असेल, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, खर्च लागत नाही. भिंतीवर एक नकाशा हवा, तोही अलीकडचा. सुदानचे २०११ साली दोन देश झाले. जुन्या नकाशात तो एकच दिसतो. गोल नसला तर नारळ घ्या, त्याच्यावर खडूने हिंदुस्थानची खूण करा, अंधारात दिव्यापुढे फिरवा. दिवस-रात्र मुलांना एका मिनिटात समजते. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले की टोकियोत साडेतीन झालेले असतात आणि तिथली मुले शाळेतून घरी निघालेली असतात, हे सांगितले की जपान जवळ येतो.

दुसरी, आधी सारखे काय ते सांगा, मग वेगळे काय ते. सारखेपणा कळला की वेगळेपणाची भीती वाटत नाही.

तिसरी, ठाऊक नसेल तर "बघून सांगते" म्हणा, आणि खरेच बघून सांगा. आता मुलांच्या हाती मोबाइल आहे, त्यात सगळे सापडते. पण कोणाविषयी कसे बोलावे हे त्यात सापडत नाही.

आणि चौथी, भाजी निवडताना जपून बोला. वर्ग आठवड्यातून एक तास भरतो. स्वयंपाकघर दिवसभर भरलेले असते, आणि मूल दोन्हीकडे हजर असते.

आमचा धाकटा आता कॉलेजात आहे. आमच्या स्वयंपाकघरात त्याने लावलेली दोन घड्याळे आहेत. एक पंधरा मिनिटे पुढे असते. पाहुणे म्हणतात, हे घड्याळ दुरुस्त करून घ्या. आम्ही सांगतो, ते बिघडलेले नाही. ते गोरख्याचे आहे.